लहान गावांचे रूळ
माथेरानचा डोंगर चढणारी दोन फुटी रुळांची गाडी 1907 साली सुरू झाली, ती सरकारच्या तिजोरीतून नव्हे, आदमजी पीरभॉय या व्यापारी घराण्याच्या पैशाने. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली धावू लागली व 1911 साली लातुरास पोहोचली. लातूरच्या पेठेस या अडीच फुटी रुळांचे ऋण आहे. इकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरांचा मार्ग 2008-09 साली मंजूर झाला, आणि 2024 साली खुला झाला तो वर्धा ते कळंब एवढाच तुकडा! केळीसारख्या नासक्या मालास विलंब म्हणजे काय, हे अर्धापूरच्या व्यापारी बंधूंस आम्ही सांगावयास नको. मग ते स्वस्थ का? त्यांनी सह्यांचा अर्ज करून नांदेडकडील कामाची मुदत लेखी मागावी, व गावाजवळ मालधक्का मिळावा ही मागणीही त्यातच घालावी.