जंतूंचें अन्न

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं प्रेशर कुकरवरून एक लहानसें भांडण झालें. धाकटी नात महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. सुटींत आली असतां तिला माध्यम, म्हणजे जंतू वाढविण्याचें अन्न, आपल्या हातानें करून पाहावयाचें होतें. ‘ज्यांत नैवेद्याचा भात शिजतो, त्यांत जंतूंचा खाऊ शिजणार नाहीं,’ असा तिच्या आजीनें निकाल दिला. अखेर माळ्यावरचा जुना कुकर काढून देऊन मीं तडजोड केली, आणि मोबदल्यांत शेजारीं बसून पाहण्याची परवानगी मिळविली.

कृति तशी स्वयंपाकघराला परकी नाहीं. यीस्टचा अर्क, पेप्टोन, किंचित मीठ, पाणी. आणि घट्ट होण्यासाठीं शेंकडा दीड भाग अगार. हा अगार म्हणजे आपल्या गृहिणींचा चायना ग्रासच. समुद्रांतील तांबड्या शेवाळापासून तो काढतात. रॉबर्ट कॉक प्रथम जिलेटिन वापरीत. परंतु तें उन्हाळ्यांत पातळ होई, आणि कांहीं जंतू तर तें खाऊनच टाकीत. त्यांच्या प्रयोगशाळेंत काम करणारे वाल्टर हेसे याच अडचणींत असतां 1881 सालीं त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनीं आपल्या मुरंब्यांतला अगार सुचविला. जावा बेटांत राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून तो त्यांना ठाऊक झाला होता. अगार उकळत्या पाण्यांत विरघळतो, पण निवतांना चाळीस अंशांच्या सुमारास गोठला कीं शरीराच्या उष्णतेनें पुन्हा वितळत नाहीं. एवढें ज्ञान जगाला देणाऱ्या बाईंचें नांव नातीच्या पुस्तकांत एका ओळींत उरकलेलें पाहून आमच्या घरांतून तीव्र निषेध झाला.

‘उकळलें कीं झालें, इतका वेळ कुकर कशाला?’ हा आजीचा पुढचा प्रश्न. तो खुद्द शास्त्रज्ञांनाही पडला होता. कांहीं जंतू संकटकाळीं बीजाणूंचें कवच धारण करतात, आणि हे बीजाणू साध्या उकळण्याला दाद देत नाहींत. टिंडल यांनीं 1877 मध्यें गवताच्या काढ्यावर युक्ति काढली ती अशी, कीं आज थोडा वेळ उकळावें, रात्रीं बीजाणूंना मुगासारखे मोड येऊं द्यावेत, आणि दुसऱ्या दिवशीं मोडासकट मारावें. कुकरांत हें एकाच बैठकींत साधतें. पंधरा पौंडांच्या दाबाखालीं वाफ 121 अंश सेल्सियसला पोहोंचते. लहान बाटल्यांना पंधरा मिनिटें पुरतात. मात्र आंतली हवा आधीं निघून जाऊं द्यावी. नाहीं तर दाब पुरेसा दिसतो आणि उष्णता कमी पडते. कोरड्या भट्टींत हेंच काम 160 अंशांवर दोन तास घेतें.

हें चाललें असतां मला डॉ. हाफकिन यांची आठवण झाली. 1896 मध्यें मुंबईंत प्लेग आला तेव्हां ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत त्यांनीं लस तयार केली. हिंदु जनतेच्या भावना ध्यानीं घेऊन गोमांसाऐवजीं बकऱ्याच्या मांसाचा रस्सा माध्यम म्हणून घेतला, आणि वर तुपाचे थेंब सोडले! त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खालीं लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारावयाचे. 10 जानेवारी 1897 रोजीं ही लस त्यांनीं प्रथम स्वतःला टोंचून घेतली. तूप ऐकतांच आजीनें कान टवकारले.

पुढची हकीकत दुःखाची आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं लस टोंचली गेली, आणि एकाच बाटलींतून ती घेतलेले एकोणीस जण धनुर्वातानें दगावले. ठपका परेलच्या प्रयोगशाळेवर आला: कार्बोलिक ॲसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भरंवसा कां ठेवला? हाफकिनांचें पद गेलें. वस्तुतः बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच बूच काढण्यास वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातींतच तर असतात! शिवाय बाटली परेलहून निघाली तेव्हांच दूषित असती, तर इतक्या दिवसांत तिला घाण वास सुटला असता. उघडतांना तसा वास आला नव्हता. एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास पांच वर्षें लागलीं. 1907 मध्यें रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें जाहीर पत्र लिहिलें, तेव्हां कोठें हाफकिन दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानांत परतले ते कलकत्त्यास. परेलची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हातीं आली नाहीं. 1925 मध्यें त्या संस्थेला त्यांचें नांव दिलें गेलें. मला विचाराल तर हें फार उशिरां सुचलेलें सौजन्य होय.

आमच्या कुकरांतून सहा बाटल्या निघाल्या. कापसाचे बोळे लावून नातीनें त्या कपाटांत ठेवल्या. तिसऱ्या दिवशीं पांच स्वच्छ होत्या. सहावींत तिळाएवढे दोन पिवळसर ठिपके. नात कुकरच्या रबराला दोष देऊं लागली. मीं दाबाची वेळ चुकल्याची शंका काढली. शेवटीं आजी हळूच म्हणाली, ‘वास येतो का पाहावें म्हणून मीं बोळा जरासा उचलला होता.’

नातीनें ती बाटली न उघडतां पुन्हा कुकरांत ठेवली. या खेपेस घड्याळ घेऊन आजीच शेजारीं बसली होती.