मागची सीट, पुढची सीट

मोटारसायकलवर बाई बसणार ती मागेच, हे आपल्या कायद्यानेही गृहीत धरलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम काढून वाचा. मागे माणूस बसवायची सोय असेल तर धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. कशासाठी, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. नियमात ‘बाई’ हा शब्द नाही. पण हे कपडे कुणाचे, ते कारखानदारापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून तर त्या जाळीचं बाजारातलं नाव ‘साडी गार्ड’.

जाळी हवीच. तिने जीव वाचतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मागच्या सीटवरच्या बाईचा विचार नियमात झाला, कारखान्यात झाला. पुढच्या सीटवरच्या बाईचा विचार कुणी केला?

मी गंगापूर तालुक्यात काम करते. वाळूज याच तालुक्यातलं. तिथे बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. म्हणजे मोटारसायकल ही आमच्या अंगणातली वस्तू. शिवाय समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आणि त्यावर दुचाकीला बंदी! ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यासाठी सिमेंटचा गुळगुळीत रस्ता. आमच्या वाट्याला काय? गावापासून वस्तीपर्यंतची खडी, मुरूम, ओढ्यातली वाळू आणि पावसाळ्यात चाकाला लाडवासारखी चिकटणारी काळी माती. आशाताई, नर्सताई, बचतगटाची कार्यकर्ती, मारहाणीची तक्रार घेऊन निघालेली बाई, सगळ्या याच वाटेने जातात. एसटी गावाच्या फाट्यावर सोडते, पुढे जो कुणी पुरुष गाडीवर बसवील त्याच्या मर्जीवर. संध्याकाळी सहानंतर तर तीही मर्जी संपते.

शहरातली मुलं याच वाटांना ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात. साधी रस्त्यावरची मोटारसायकल घेतात, तिला खडीवर लांब पल्ल्याला चालेल अशी करून घेतात आणि लडाख-स्पितीला निघतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्यांनी जी कला शौकासाठी शिकून घेतली, तिची खरी गरज कुणाला आहे, हे विचारलं पाहिजे.

आमच्या कामाला निधी देणाऱ्या एका संस्थेला आम्ही दोन मोटारसायकली मागितल्या. उत्तर आलं, ‘महिला कार्यकर्त्यांसाठी स्कूटी योग्य राहील, मोटारसायकल हवीच असेल तर चालक नेमावा.’ चालक म्हणजे अर्थातच पुरुष. स्कूटी शहरात उत्तम. पण तिची चाकं लहान, पोट जमिनीजवळ. खड्ड्यात ती आपटते, चिखलात रुतते. बाईला शोभेल ते वाहन ठरवताना रस्ता कुठला आहे हे कुणी पाहिलंच नाही.

दुसरा आक्षेप उंचीचा. ‘तुमचे पाय टेकणार नाहीत.’ यात तथ्य आहे, आणि ते यंत्राच्या रचनेतलं आहे. खडीसाठी म्हणून २०१६ साली रॉयल एन्फिल्डने पहिली हिमालयन आणली, तिची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर. माझ्या बरोबरच्या बहुतेकजणी पाच फुटांच्या आसपासच्या. गाडी कुणाचं माप घेऊन शिवली आहे ते दिसतंच. पण माप बदलता येतं. म्हणून थोडं गॅरेजमधलं बोलते. हे ज्ञान आपल्याकडे मुद्दाम येऊ दिलेलं नाही.

पाय टेकत नाहीत म्हणून मेकॅनिक पहिल्यांदा सस्पेन्शन खाली करायला सांगतो. ऐकू नका. गाडी खाली आली की इंजिनचं पोट दगडाला लागतं, म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच गेलं. त्याऐवजी कुशनवाल्याकडे जा. सीटच्या पुढच्या भागाचा फोम दोन्ही बाजूंनी कापून ती तिथे अरुंद करायची. पाय फाकत नाही, सरळ खाली जातो आणि जमीन जवळ येते. दोन्ही टाचा टेकायची गरज नसते, एका पायाचा चवडा भक्कम टेकला तरी पुरतं.

टायर मूळ मापाचेच, पण ठोकळ्याच्या नक्षीचे. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर काळी माती मध्ये भरते आणि चाक जाम होतं. ते उचलून बसवून घ्यायचं. इंजिनखाली जाड पत्रा, तो गावातला वेल्डर ठोकून देतो. त्यात तेलाचा बोल्ट उघडायला भोक ठेवायला सांगा. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला की सुसाट वेग थोडा घटतो, पण कमी वेगात गाडी चढ ओढते. आपल्याला तेच हवं. क्लच-ब्रेकची लिव्हर आपल्या बोटांच्या पोचेत आणून घ्या. सामान उंच रचू नका, दोन्ही बाजूंना, खाली आणि शक्य तितकं पुढे बांधा. बरोबर ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, क्लच केबल आणि प्लग ठेवा. आणि हे सगळं स्वतःच्या हाताने बदलायला शिका. नाहीतर चालवणारी बाई झाली आणि वाट पाहायची ती पुरुषाचीच, असं व्हायचं.

इंजिन, चासी, सायलेन्सर यांना हात लावू नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शंका आली तर आधी आरटीओत विचारून घ्या. साडी गार्डही काढू नका. आपल्या मागे कुणी बाई बसणारच आहे.

आता चळवळीतल्या मैत्रिणींशी थोडं भांडायचं आहे. ‘हा श्रीमंत मुलींचा शौक, त्याचा आपल्या प्रश्नांशी काय संबंध?’ असं मी आपल्याच बैठकीत ऐकलंय. तामिळनाडूतलं पुदुकोट्टई आठवा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या आणि त्यातल्या काहींना त्याच आवडल्या. का? मधल्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून! पुरुषाच्या मापाचं यंत्र बाईच्या हाती आलं आणि तिने त्याचा उपयोग बदलला. बदल म्हणतात तो हाच. इंग्लंडची एल्स्पेथ बिअर्ड १९८२ साली जुनी बीएमडब्ल्यू घेऊन जगप्रवासाला निघाली, तेव्हा वाटेत सिडनीला तिने सामानाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या स्वतः बनवल्या. पुण्यात २०११ साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ‘बायकर्नी’ हा बायकांचा गट काढला. त्या मुली शहरी असतील, पण त्यांना जे येतं ते आपण त्यांच्याकडून का शिकू नये? वर्गाचा प्रश्न खरा आहे. पण तो कौशल्य नाकारून सुटत नाही, वाटून घेऊन सुटतो.

दुसरीकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रा पाहा. नऊवारी, फेटा, नथ आणि खाली बुलेट. फोटो छापून येतात, ‘नारीशक्ती’ म्हणून मथळे सजतात. संध्याकाळी त्यातल्या किती बुलेट नवऱ्याच्या, भावाच्या ताब्यात परत जातात? नोंदणी पुस्तकावर नाव कुणाचं, किल्ली कुणाच्या खिशात, पेट्रोलचा हिशेब कुणाला द्यायचा? बाईला मिरवणुकीपुरती मिळालेली गाडी म्हणजे मखरच. मखराला चाकं लावली म्हणून ते मखर राहत नाही असं थोडंच आहे?

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत, आणि त्या आधी आपल्याच संघटनांकडे आहेत. पहिली, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कार्यकर्तीच्या गाडीचा आणि तिला रस्त्याजोगी करण्याचा खर्च लिहा; जीपच्या भाड्याला जशी लाज वाटत नाही तशी याचीही वाटू नये. दुसरी, गाडी घ्याल ती बाईच्या नावावर घ्या. तिसरी, परवाना काढताना ‘विना गिअर’ या प्रकारावर थांबू नका. तो घेतला की मोटारसायकलची वाट कागदावरच बंद होते. गिअरचाच काढा. चौथी, आपल्या शिबिरांत कायद्याच्या सत्राइतकंच पान्याचं सत्र ठेवा. चाकणच्या कारखान्यात बायका मोटारसायकली जोडतात. ज्या हातांना बोल्ट आवळता येतो, त्यांना तो सैल करता येणार नाही असं कोण म्हणेल?

कारखानदारांनाही विचारू या. गाडी खपते तेव्हा घरातल्या बाईचाही पैसा त्यात असतो, मग सीटचं माप ठरवताना तिला का विचारत नाही? पण त्यांच्या उत्तराची वाट पाहत फाट्यावर उभं राहण्यात अर्थ नाही. कुशनवाला गावात आहे, वेल्डर गावात आहे. पुढच्या सीटवर बसायला लागू या.