ओठ उचलून पाहा

बाळाला पहिला दात कुठला आला, हे आपल्याकडे अख्खं घर पाहतं. वरचा आधी आला तर मामाला जड, म्हणून आजी हिरडीवर बोट फिरवून खात्री करून घेते. खालचे दोन दिसले, मामा सुटला, की तोंडात डोकावणं संपलं. मग ते तोंड उघडतं थेट आपल्या दंतवैद्यांच्या खुर्चीत, चौथ्या-पाचव्या वर्षी, गाल सुजल्यावर. ‘‘दुधाचेच हायेत, पडणारच की,’’ माय म्हणते. दाढांची पाळी दहा-बारा वर्षांशिवाय येत नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

कीड सुरू होते वरच्या समोरच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूसारख्या पांढऱ्या पट्ट्याने. खालच्या दातांना जीभ आणि लाळ सांभाळून घेतात. हसताना वरचा पट्टा ओठाआड राहतो, म्हणून घर निर्धास्त. वरचा ओठ उचलला तर पट्टा क्षणात सापडतो. त्या टप्प्यावर तो माघारी नेता येतो. खड्डा पडल्यावर नाही.

पण ओठ उचलायचा कुणी? पहिल्या वाढदिवसाआधी दातांच्या डॉक्टरला दाखवा, हे आपण परिषदांमधून एकमेकांनाच ऐकवतो. नुसत्या तपासणीसाठी वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या माझ्या लोह्याच्या दवाखान्याची पायरी चढलेली माय मी तरी पाहिली नाही. तीच माय नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला येते, दीड वर्षापासून दर 6 महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसाला. सिस्टर चमचा तोंडाशी नेतातच. सिस्टर, आशाताई आणि अंगणवाडीताईंना तो पट्टा ओळखायला शिकवणं हे एका दुपारचं काम आहे, आणि ते आपलं आहे.

2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं; दंतक्षय त्याच्या यादीत आहे. पण या भागातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. पथक आलं तेव्हा लेकरू कारखान्याच्या कोपीत असलं तर एक फेरी हुकलीच. माय अंधारात फडावर जाते. मागे लेकराच्या तोंडी साखरेच्या दुधाची बाटली किंवा हातात बिस्किटाचा पुडा. तेव्हा शिकवणी दिवाळीआधीच उरकायला हवी. पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, आणि निजताना बाटलीत फक्त पाणी: एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

नांदेड जिल्ह्यात काही भागांतल्या बोअरला फ्लोराइड जास्त, म्हणून काही सहकारी पेस्ट सुचवायला कचरतात. हजार पीपीएमच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये फ्लोराइड साधारण 0.1 मिलिग्रॅम भरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेलं पाणी एक लिटर प्यालं, तर त्याच्या पंधरापटीहून जास्त पोटात जातं. पाण्याचा तपासणी अहवाल मागवा आणि आधी पाणी बदलायला सांगा.

खड्डे पडलेल्यांसाठी कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ना सुई, ना ड्रिल. किडलेला भाग मात्र काळाकुट्ट होतो. हे लावण्याआधी सांगा, आणि मायसोबत आजीलाही सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आजी उभी असते.