अपयशाला पायरी म्हणू नये

साजगावचा विठोबा खोपोलीजवळ, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. धाकटी पंढरी ही त्याची ख्याती. कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते आणि यात्रेतल्या सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला बोंबल्या विठोबा असेही म्हणतात. या स्थानाचा संबंध देहूच्या तुकारामांशी जोडला जातो. तुकाराम घाट उतरून कोकणात मिरची विकायला येत, भोळेपणाने माल उधार देत आणि थकलेली उधारी शेवटी विठोबाने वसूल करून दिली, अशी आख्यायिका आहे.

तुकारामांच्या व्यापाराविषयी दोन मते रूढ आहेत. ते व्यवहारात कच्चे होते म्हणून बुडाले, हे एक. बुडाले म्हणूनच संतपदाला पोचले, तेव्हा अपयश ही यशाची पायरी, हे दुसरे. पहिले मत चुकीचे आहे. दुसरे चुकीचे तर आहेच, शिवाय घातकही आहे.

तुकारामांच्या घरी देहूच्या पेठेची महाजनकी होती, वाणीपणा होता, सावकारी होती. कच्च्या माणसांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असा व्यवहार टिकत नाही. आईवडील गेले आणि पाठोपाठ 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला. पाऊस नव्हता, वर मोगल, निजामशाही आणि आदिलशाही फौजांनी मुलूख तुडवला. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले ते याच काळात. तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आपल्या आत्मपर अभंगात त्यांनी दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेल्याचे सांगितले आहे, धंद्यात तूट आल्याचे आणि त्याची लाज वाटल्याचेही. ज्या वर्षी बाजारपेठाच ओस पडल्या, त्या वर्षीचा तोटा दुकानदाराच्या स्वभावावर टाकणे हा अन्याय आहे. आजही कर्जत-खालापुरात अवकाळी पावसाने भात आडवे झाले की शेतकऱ्याच्या नियोजनाला दोष देणारे भेटतातच.

दुसऱ्या मताच्या बाजूने मात्र मोठा पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा दिली तीही बरी, असे तुकारामांनी स्वतःच एका अभंगात देवाला सांगितले आहे. पण ते कोणी, कोणाला आणि कधी म्हटले, हे पाहिले पाहिजे. ज्याने सोसले त्यानेच, देवापाशी, मागे वळून पाहताना ते म्हटले आहे. ऐन दुष्काळात उपाशी शेजाऱ्याला केलेला तो उपदेश नव्हे. सोसणाऱ्याचा हा अधिकार दुसऱ्या कोणी उचलला, की ती क्रूरता होते. बायको भुकेने गेली त्या घराला ‘ही पायरी आहे’ असे कोण सांगेल? शिवाय त्या दुष्काळात हजारो घरे बुडाली. त्यांतला तुकाराम एकच. नुसत्या अपयशानेच माणसे घडत असती, तर तसे झाले नसते.

मग घडवले कशाने? अपयशानंतर त्यांनी जे केले, त्याने. ऋणकोंची कागदपत्रे त्यांनी वाटून निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दुष्काळाने ऋणकोही नागवले होते; येणे वसूल होणार नव्हते, तेव्हा त्याचा ध्यास धरला नाही. मात्र आपला त्याग भावावर लादलाही नाही. पुढचे काम त्यांनी लहान निवडले. पडके देऊळ दुरुस्त केले. कीर्तनात आधी दुसऱ्यामागे ध्रुपद धरले. अभ्यासात चित्त रमत नव्हते हे मोकळेपणी मान्य करून संतांची वचने पाठ केली. कवित्व त्यानंतर आले. हा क्रम फार मोलाचा आहे. गेलेले परत मिळवण्याची घाई त्यात नाही आणि रिकामे बसणेही नाही.

पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा मात्र इतकी शांतता राहिली नाही. ते अन्नपाणी सोडून तेरा दिवस धरणे धरून बसले, असे परंपरा सांगते. खचणे त्यांनाही चुकले नाही आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

परीक्षेत नापास झालेल्या मुलाला किंवा दुकान बंद करावे लागलेल्या माणसाला पायरीचे वाक्य ऐकवणाऱ्यांनी आधी त्याचे काय गेले ते विचारावे, आणि मग उद्या सकाळी त्याला करता येईल असे एखादे लहान काम त्याच्यासोबत शोधावे.