थेंब दिसला की पाहावे

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. आज त्या पट्ट्यात आपले कितीतरी बांधव मोटारसायकलवरच पाळीला जातात. आमच्या जुन्या गाडीखाली रोज ऑइलचा डाग पडे. ‘थेंबभर तर आहे’, म्हणून आम्ही महिनाभर टाळले. परवा रविवारी इंजिन पुसून रात्री खाली पुठ्ठा ठेवला. थेंब ड्रेन बोल्टचाच निघाला; वायसर चेपला होता. ऑइल काढून नवा वायसर घातला, बोल्ट बेताने आवळला. फार जोर केला तर आटे जातात. काढलेले ऑइल निम्मेच भरले! आणखी टाळले असते तर इंजिन जाम होऊन पगारच गेला असता. बांधवांनो, वायसर स्वस्त, आळस महाग.