सहा दिवस पथ्य, सातव्या दिवशी पंगत?

निपाणीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय ४२, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. रक्तातली साखर काठावर आहे, आठ-दहा किलो तरी उतरवा, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले आणि मग काटा जो अडकला तो अडकलाच. त्या लिहितात, "सोमवार ते शनिवार मी अगदी काटेकोर असते. मुलगा जिमला जातो. तो म्हणाला, आई, आठवड्यातून एक 'चीट डे' घ्यायलाच हवा, त्याने शरीराची भट्टी पेटती राहते. तेव्हापासून रविवारी मी काहीच मोजत नाही. सासूबाई म्हणतात, असले डाएट करण्यापेक्षा एकादशी नीट धर. आणि पुढच्या महिन्यात धारवाडला नणंदेच्या लेकीचे कुबुस आहे, तिथे मी काय करू?"

पत्र वाचून पहिल्यांदा मनात आले ते त्या 'चीट' शब्दाविषयी. चीट म्हणजे फसवणूक. रविवारी दोन घास जास्त खाल्ले तर फसवले कोणाला? ज्या घरात होळिगे केल्याशिवाय युगादी होत नाही, त्या घरच्या बाईने पुरणपोळीला चोरीचा माल समजावे, हे काही मला पटत नाही. तेव्हा हा शब्द आपण मुलाकडेच ठेवू. प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर भावनेत न शोधता आधी हिशेबात शोधू.

या ताईंच्या वयाला, वजनाला आणि घरकामाला दिवसाला साधारण १८०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, लागतात असे धरू. त्या १४०० खातात. रोज ४०० वाचले, सहा दिवसांचे २४०० झाले. आता रविवार. सकाळी हॉटेलचा लोणी डोसा आणि वर एक वडा, दुपारी मटण, भाकरी, भात आणि जेवणानंतर वाटीभर कुंदा, संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी, रात्री मुलांबरोबर आइस्क्रीम. अशा दिवसाचे ४००० उष्मांक सहज होतात, पोटाला तडस लागावी लागत नाही. म्हणजे गरजेपेक्षा २२०० जास्त. सहा दिवसांच्या २४०० मधून ते वजा केले की उरले २००. एक किलो चरबी उतरायला ढोबळ मानाने ७७०० उष्मांकांची तूट लागते. २०० उष्मांकांची चरबी किती? जेमतेम २५ ग्रॅम. बाई आठवडाभर भूक मारते आणि मिळकत होते चिमूटभर. मग काटा अडकणार नाही तर काय होणार!

हाच रविवार वेगळा मांडून पाहू. सकाळी नेहमीचे उप्पीट, रात्री नेहमीची भाकरी-भाजी, आणि मधले एकच जेवण मोकळे. त्या जेवणात रोजच्यापेक्षा ८०० उष्मांक जास्त गेले. म्हणजे दिवसाचे २२००, गरजेपेक्षा ४०० वर. आठवड्याची शिल्लक २०००, चरबी सुमारे २६० ग्रॅम. सातही दिवस कडक राहिल्या असत्या तर ३६० ग्रॅम. म्हणजे घरच्यांबरोबर बसून एक जेवण सुखाने जेवण्याची किंमत आठवड्याला १०० ग्रॅम. मी तर ही किंमत आनंदाने देईन, आणि तुम्हीही द्यावी असे सांगेन. प्रत्यक्षात शरीर इतके सरळ गणित पाळत नाही, वजन उतरत जाते तशी त्याची गरजही कमी होते. पण दिवस आणि जेवण यांतला फरक कळायला हा हिशेब पुरेसा आहे.

८०० उष्मांक म्हणजे किती, हेही पाहा. एका मध्यम पुरणपोळीत ३० ग्रॅम डाळ, तेवढाच गूळ आणि तेवढीच कणीक धरली तर सव्वातीनशेच्या आसपास होतात, वर चहाच्या चमच्याएवढे तूप घेतले की आणखी ४५. म्हणजे तूप घालून दोन पोळ्या आणि कटाची आमटी, एवढ्यात ते ८०० संपले. दोन पोळ्या काही थोड्या नाहीत. चार आणि वर भात मात्र जमणार नाही. गोकाकचा करदंट 'पौष्टिक' म्हणून हिशेबातून वगळणारेही पुष्कळ भेटतात. डिंक, सुकामेवा, गूळ, तूप, सगळे उत्तमच आहे, पण १०० ग्रॅमला ४०० च्या वर उष्मांक त्यातही आहेतच.

आता त्या भट्टीविषयी. मुलगा अगदीच हवेत बोलत नाही. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देते. खाणे कमी झाले की लेप्टिन घटते, भूक वाढते, शरीर खर्चही थोडा आवरते. दोन-तीन दिवस भरपूर खाल्ले की ते वाढते, हेही खरे. पण पुन्हा कमी खाण्यावर आलात की तेही पुन्हा खाली येते. आणि एका मेजवानीने शरीराचा खर्च जेवढा वाढतो तो त्या मेजवानीतल्या उष्मांकांचा लहानसा हिस्सा असतो. शंभर रुपये खर्चून दहा रुपये परत मिळवले तर त्याला कोणी बचत म्हणत नाही.

विश्रांतीचा विचार मात्र सोडून देण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठात ५१ लठ्ठ पुरुषांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी १६ आठवडे सलग कमी खाल्ले. उरलेल्यांनी दोन आठवडे कमी, मग दोन आठवडे विश्रांती, असे करत तेच १६ आठवडे पुरे केले. विश्रांती घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४ किलोंनी उतरले, सलग करणाऱ्यांचे ९ किलोंनी. जिममधली मुले यावरून चीट डेचे समर्थन करतात, पण विश्रांतीत त्या माणसांनी खाल्ले काय हे कोणी सांगत नाही. त्या दोन आठवड्यांत त्यांना वजन जागेवर राहील एवढेच, मोजून खाणे दिले होते. मेजवानी नव्हती. नंतरच्या काही प्रयोगांत एवढा फरक दिसलाही नाही. तरी सणासुदीच्या पंधरवड्यात वजन उतरवायचा हट्ट सोडून ते वाढू न देणे एवढेच ठरवावे, हा शहाणपणा त्यातून घेता येतो.

सणाचा पंधरवडा लहान वाटतो, पण त्याचा हिशेब मागे राहतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांत मोठ्या माणसांचे वजन सरासरी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढलेले दिसले. लोकांना वाटत होते त्यापेक्षा कितीतरी कमी. पण ते वाढलेले वजन वर्षभरात उतरले नाही. आपल्याकडे गणपतीपासून दिवाळीपर्यंत असाच काळ असतो, आणि दहा वर्षांत त्याचे काय होते ते जुने ब्लाउज सांगतात.

मग सातही दिवस कडक का राहू नये, असे कोणी विचारेल. राहता येत असेल त्यांनी राहावे. पण फार कडक राहणाऱ्यांचे काय होते तेही पाहिले आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले होते. नंतर खाण्याची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांतले काही दिवसाला हजारो उष्मांक खाऊनही तृप्त होत नव्हते. आपल्या घरातही ८००-९०० उष्मांकांवर आठवडा काढणारी बाई रविवारी जेवत नाही, तुटून पडते. मग सोमवारी शिक्षा म्हणून नुसते ताक. तुमचा रविवार हाताबाहेर जात असेल तर आधी तुमचे सोमवार ते शनिवार तपासा. सकाळी पोटभर नाश्ता, दोन्ही वेळा डाळ, मोड आलेली मटकी, दही किंवा अंडे, आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी चमचाभर का होईना, हे असले की रविवारची ओढ आपोआप अर्धी होते.

सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहायचे नाही, हेही इथेच सांगते. मेजवानीनंतर वजन किलो-दीड किलोने वाढलेले दिसते ते बहुतेक पाणी असते. भात, गोड, मैदा यांतली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते तेव्हा एका ग्रॅममागे तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरते, त्यात भज्यांचे, पापडाचे मीठ. गुरुवारपर्यंत ते उतरते. तेव्हा वजन गुरुवारीच, सकाळी उठल्यावर, दर आठवड्याला त्याच वेळी करावे.

आता जी गोष्ट पत्रात नाही, पण मला ओळींच्या मधे दिसली, ती सांगते. रविवार घरच्या पुरुषांचा रविवारी संपतो, बाईचा मंगळवारपर्यंत चालतो. उरलेली पुरी, डब्याच्या तळाशी राहिलेला शिरा, मुलाने टाकलेला अर्धा जामून. "टाकवत नाही" म्हणून हे सगळे कोणाच्या पोटात जाते? आपल्या बायकांच्या आहाराची नोंद करायची तर ताटापेक्षा पातेल्यापाशी करावी लागेल. मोकळे जेवण ठरवायचे असेल तर करतानाच मोजके करावे, आणि उरलेच तर त्याच संध्याकाळी शेजारी, कामाला येणाऱ्या बाईंना, कोणाला तरी पोचते करावे. घरातल्या बाकीच्यांनीही पातेले पुसायची जबाबदारी तिची एकटीची नाही हे समजून घ्यायला हरकत नाही. शेंगाहोळिगेसारखे चार दिवस टिकणारे पदार्थ करावेत का, हा त्याहून अवघड प्रश्न. डबा समोर दिसत असताना संयम पाळणारी मी अजून पाहिली नाही.

सासूबाईंच्या एकादशीविषयी थोडक्यात. श्रद्धेने करायची असेल तर जरूर करावी. वजनासाठी करायची असेल तर एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. ६० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि दोन-तीन चमचे तूप, एवढ्या खिचडीचे ४०० च्या वर उष्मांक होतात, आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते.

काही जणांनी मात्र हे मोकळे जेवणसुद्धा आपल्या मनाने ठरवू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर एक दिवस भरपूर खाणे आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपाशी राहणे, दोन्ही धोक्याचे. उपाशी राहिल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पंगतीतले मीठ नडते. वजनासाठीची आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली आहेत, ती घेणाऱ्यांना तळकट आणि जड जेवणाने मळमळ, उलट्या होऊ शकतात. आणि खायला सुरुवात केली की थांबताच येत नाही, लपून खावे लागते, नंतर ओकून टाकावेसे वाटते, असे कोणाचे होत असेल तर तो आळशीपणा नव्हे, आजार असू शकतो. त्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणे बोलावे. त्यांना रविवारच्या सवलतीचा सल्ला देणे घातक आहे.

राहिले धारवाडचे कुबुस. त्या दिवशी डबा घेऊन जाऊ नका, आणि "माझे डाएट आहे" असे जाहीरही करू नका, सगळी पंगत तुम्हाला वाढायलाच उठेल. ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल, ही कन्नड म्हण तुम्हाला माहीतच आहे. तिचे दोन्ही अर्धे तिथे उपयोगी पडतील. त्या आठवड्याचे मोकळे जेवण तेच समजा आणि त्या रविवारी घरी साधे करा. सकाळी उपाशीपोटी निघू नका. पानात सगळे वाढून घ्या, पण जे घरी कधीच होत नाही ते खा. कोसंबरी, येण्णेगायी, नणंदेच्या हातची होळिगे. भात आणि पापड निपाणीतही मिळतात. आग्रह होणारच. आपल्या मराठी "पुरे"ला उत्तर कन्नडिगांच्या "स्वल्प, स्वल्प"चे मिळते आणि त्या स्वल्पात अर्धी होळिगे असते. तेव्हा पहिल्यांदाच थोडे कमी घ्या, म्हणजे विहीणबाईंच्या आग्रहाला जागा राहील. त्यांचा मान राखून ती अर्धी खा, आणि त्यानंतर पानावर हात आडवा धरून, हसून, ठामपणे "साकु" म्हणा.

घरी परतताना धारवाडी पेढ्यांचा पुडा हातात देतील. तो बसमध्येच मुलाकडे द्या.