छोटी गाडी, मोठं डोकं

आमच्या पोफळीत वीजघर आहे, पण रेल्वे नाही. हॉस्टेलवरून घरी जायचं तर चिपळूणला उतरायचं आणि पुढे एस.टी. कराडहून चिपळूणला रेल्वे येणार, हे मी शाळेपासून ऐकतेय. त्यामुळे रेल्वेचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलते!

मध्यंतरी इंग्लंडमधल्या सिटिंगबर्नच्या कागद गिरणीच्या रेल्वेबद्दल वाचलं. गेज फक्त 762 मिलिमीटर. धक्क्यावरून लगदा आणायचा, कागद न्यायचा, एवढंच काम. 1969 मध्ये गिरणीने ती बंद केली, तेव्हा हौशी लोकांनी तिचा एक तुकडा चालवायला घेतला.

आपल्याकडे असं काही? होतं ना! बार्शी लाइट रेल्वे. गेज तेच. मुख्य लाइन बार्शीला टाळून गेली होती, माल बैलगाडीने न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 मध्ये सुमारे 34 किलोमीटरची छोटी लाइन सुरू केली. त्याचं डोकं बघा. इंजिन असो की वाघीण, एका आसावर 5 टनांहून जास्त भार द्यायचा नाही. मग यार्डाला 30 पौंडांचे हलके रूळ पुरतात आणि खर्च उतरतो. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि ते बरंच झालं. कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा भरायची कटकट गेली. मी रडगाणं गात नाहीये. पण रूळ भंगारात गेले म्हणून त्यामागचा विचारही भंगारात का? तीन वर्षांत एकाही लेक्चरला मी कॅलथ्रॉपचं नाव ऐकलेलं नाही.

पोफळीचं भूमिगत वीजघर 1962 मध्ये सुरू झालं. ते उभारणाऱ्या पिढीतले आता थोडेच उरलेत. त्यांना जे ठाऊक आहे, ते सगळंच ड्रॉइंगमध्ये सापडणार नाही.

म्हणून एक सूचना. फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा दरवर्षी एका तरी ग्रुपने जवळचं एखादं जुनं यंत्र मापावं, त्याचं ड्रॉइंग काढावं, ते चालवणाऱ्या काकांना चार प्रश्न विचारावेत. सरांनी त्याला मार्क द्यावेत. खर्च काय? एस.टी.चं तिकीट आणि चहा. पण उशीर केला, तर यंत्र सापडेल आणि काका नसतील.